नागपूरवरची 4 विधानं, बरोबर की चूक? पाठ केलेलं सामान्य ज्ञान परीक्षेत कुठे दगा देतं?

'नागपूर म्हटलं की झिरो माईल, दीक्षाभूमी आणि संत्री.' स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण परीक्षेत प्रश्न इतका सरळ येत नाही. तिथे एखादं विधान दिलेलं असतं आणि ते बरोबर की चूक हे ठरवायचं असतं. विधानातला एखादाच शब्द बदललेला असतो, आणि गुण तिथेच जातात.

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला 100 प्रश्न आणि 200 गुण असतात. एका चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे 25 टक्के, म्हणजे अर्धा गुण कापला जातो. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराची कमाई गेली.

खालची चार विधानं वाचा. स्पष्टीकरणाकडे जाण्याआधी आपलं उत्तर मनाशी पक्कं करा.

1. झिरो माईल हा आजच्या भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे.

उत्तर : चूक.

नागपूरचा हा दगडी स्तंभ ब्रिटिशांच्या 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे'शी, म्हणजेच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. तो 1907 मध्ये उभारला गेला. हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा ठिकाणांची अंतरं इथे कोरलेली आहेत. पण सर्वेक्षणाच्या भाषेत हे ठिकाण म्हणजे उंची मोजण्यासाठीची एक प्रमाण खूण. समुद्रसपाटीपासून तिची उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर.

शिवाय 1907 च्या ब्रिटिश हिंदुस्थानात आजचे पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारही होते. नकाशा बदलला की मध्यही सरकतो. आजच्या भारताचा मध्यबिंदू म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गाव ओळखलं जातं. विधानातला 'आजच्या' हा शब्द सुटला, तर उत्तर चुकलंच.

जाता जाता : हे सर्वेक्षण 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

2. असहकाराचा ठराव काँग्रेसने सर्वप्रथम नागपूर अधिवेशनात मंजूर केला.

उत्तर : चूक.

इथे तीन तारखा एकमेकींत मिसळतात. चळवळीची सुरुवात 1 ऑगस्ट 1920 ची. काँग्रेसने ठराव मंजूर केला तो सप्टेंबर 1920 मध्ये, कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात. त्याचे अध्यक्ष लाला लजपतराय होते. डिसेंबर 1920 मध्ये नागपूरला सी. विजयराघवाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली त्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. विशेष म्हणजे कलकत्त्यात विरोध करणाऱ्या चित्तरंजन दास यांनीच नागपूरला हा ठराव मांडला.

मग नागपूरचं महत्त्व कमी का? मुळीच नाही. भाषेच्या आधारावर प्रांतिक समित्या आणि 15 जणांची कार्यकारिणी हे बदल याच अधिवेशनातले. पण 'सर्वप्रथम' म्हटलं की मान कलकत्त्याचा.

3. धम्मदीक्षेच्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशात होतं.

उत्तर : बरोबर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस 14 ऑक्टोबर 1956. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशात तर होतंच, शिवाय त्या राज्याची राजधानीही होतं. अवघ्या 18 दिवसांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्य झालं ते 1 मे 1960 ला. आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून कालचा प्रश्न सोडवला की असा घोळ होतो.

4. 21 जूनला नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

उत्तर : चूक.

21 जूनला सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो कर्कवृत्तावर, म्हणजे सुमारे 23.5 अंश उत्तर अक्षांशावर. नागपूर साधारण 21.15 अंशांवर, म्हणजे त्याच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य नागपूरच्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो : उत्तरेकडे जाताना मे महिन्याच्या अखेरीस आणि परतताना जुलैच्या मध्यात. यालाच शून्य सावलीचे दिवस म्हणतात. 21 जूनला मात्र दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उन्हात उभे राहिलात, तर तुमची छोटीशी सावली दक्षिणेला पडलेली दिसेल.

मग अभ्यास कसा करायचा?

पहिल्या विधानात 'आजच्या', दुसऱ्यात 'सर्वप्रथम', तिसऱ्यात 'धम्मदीक्षेच्या दिवशी' आणि चौथ्यात '21 जून'. चारही ठिकाणी निकाल लागला तो काळ सांगणाऱ्या शब्दावर.

म्हणून वहीत नुसतं 'नागपूर : झिरो माईल' असं लिहू नका. प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रश्न लिहा : हे कधीचं आहे? आणि आजही तसंच आहे का? प्रश्नपत्रिकेत विधान वाचताना काळ सांगणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा. या सवयीने प्रत्येक उत्तर येईलच असं नाही, पण येत असलेलं उत्तर घाईत चुकणार नाही.