पारावरचा पार

सप्ताहाचा मांडव उभा राहत होता. शिडीवर चढलेला लायटिंगवाला पोरगा खाली बघून ओरडला, "पार दे रे वर!" माझ्या शेजारी वडाखाली टेकलेल्या आबांनी मान वर केली. "पार वर कसा द्यायचा? पार तर आपल्या बुडाखाली हाय." तेवढ्यात खालच्या पोरानं काळ्या डब्यासारखा एक दिवा उचलून वर दिला. "असं होय, ह्याचं नावबी पार का?" म्हणत आबा पुन्हा तंबाखू मळायला लागले. मी मात्र त्या शब्दापाशीच अडकलो.

हे युसूफ वडगावातलं. बीड जिल्हा, केज तालुका. महाराष्ट्रात वडगावं उदंड आहेत, म्हणून एकापासून दुसरं ओळखू यावं यासाठी पुढे एखादं नाव जोडलेलं असतं. इथे ते युसूफ आहे. मूळ हिब्रू योसेफ, त्याचं अरबी रूप युसूफ, आणि त्याला लागून संस्कृत वटाचा मराठी वड. हा सगळा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शेजारच्या अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. त्यामुळे दोन भाषा एकाच नावात शेजारी बसल्याचं इथे कुणाला काही वाटत नाही. दिव्यांच्या नावांचंही तसंच आहे, आणि ते फक्त मराठवाड्यापुरतं नाही.

शिडीवरच्या पोराचा पार म्हणजे 'पॅराबोलिक अ‍ॅल्युमिनाइज्ड रिफ्लेक्टर' या लांबलचक नावाची तीन आद्याक्षरं. आतून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला खोलगट आरसा आणि त्यात दिवा. नाटकाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर वर्षानुवर्षं दिसलेला जुना पार चौसष्ट हा हजार वॉटचा असायचा. चौसष्ट हा आकडा व्यासाचा, पण इंचाच्या अष्टमांशात मोजलेला, म्हणजे आठ इंच. आता जो पार वर चढला तो एलईडीचा, त्याला हे लोक 'चोपन्न-तीन' म्हणतात. तीन-तीन वॉटचे चोपन्न ठिपके, मिळून 162 वॉट. असे आठ दिवे लावले तरी जुन्या दोन दिव्यांपेक्षा कमी वीज लागते, म्हणून तर खेड्यातल्या मांडवात, एका छोट्या जनरेटरवरसुद्धा, आता स्टेजची प्रकाशयोजना होऊ शकते. गंमत म्हणजे या नव्या पारात तो खोलगट आरसाच नाही. प्रत्येक ठिपक्यापुढे छोटं भिंग असतं. ज्यावरून नाव पडलं ती वस्तू गेली आणि नाव राहिलं.

असं आपल्या दिव्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा झालेलं आहे. गॅसबत्ती घ्या. तिच्यात बत्ती, म्हणजे वात, मुळीच नाही आणि गॅस म्हणावा तर तो रॉकेलचीच वाफ. माझ्या लहानपणी कीर्तनाच्या आधी ती पेटवण्याचं काम एकाच माणसाकडे असे आणि आम्ही पोरं भोवती उकिडवी बसून बघायचो. आधी रेशमी जाळीचं मेंटल दोऱ्यानं बांधायचं. ते एकदा जळलं की त्याची नुसती राख उरायची, पण आकार तसाच, आणि त्या राखेला बोट लागलं की संपलं. मग खालच्या वाटीत स्पिरिट पेटवायचं, नळी तापली की पंप मारायचा, आणि फुर्र असा आवाज होऊन पिवळ्याचा पांढरा उजेड व्हायचा. तिला पेट्रोमॅक्सही म्हणत. हे नाव बर्लिनच्या माक्स ग्रेत्स या कारखानदाराचं. पेट्रोलियममधला पेट्रो आणि त्याच्या नावातला मॅक्स. म्हणजे जर्मनीतल्या एका माणसाचं पाळण्यातलं नाव आमच्या कीर्तनांत कित्येक वर्षं खुंटीला टांगलेलं होतं.

चिमणीचंही असंच. इंग्रजीत चिमणी म्हणजे धुराडं, आणि दिव्यावरची काचही. आपल्याकडची रॉकेलची चिमणी म्हणजे पत्र्याची डबी आणि तोंडाशी वात, काच नावालाही नाही. तरी नाव चिमणी. अंगणातल्या चिमणीशी ते इतकं जुळलं की परकं वाटेनासंच झालं.

पण गॅसबत्तीतल्या त्या बत्तीकडे परत यायला हवं, कारण आपल्या जुन्या दिव्यांचं सगळं कुळ त्या शब्दात आहे. संस्कृत वर्ति म्हणजे वळलेली वस्तू. तिची मराठीत वात झाली, हिंदीत बत्ती झाली, आणि मग ती हिंदी बत्ती पुन्हा आपल्या घरी पाहुणी म्हणून आली. गोंधळी संबळाच्या ठेक्यावर जी दिवटी नाचवतात तिच्यातही हीच वात आहे. दीपवर्ति, तिची दिवटी. या दिवटीवरून दिवटी धरणारा तो दिवट्या. 'दिवटे चिरंजीव' हे बोलणं त्याच घरातलं. तमाशाच्या बोर्डावर नाचीच्या तोंडाशी धरायचे ते पलिते अरबीतून आले. तिथे फतील म्हणजे पिळून केलेली वात, आणि मूळ धातूचा अर्थ पिळणे. काकड आरतीचा काकडा म्हणजे चिंध्यांचा पिळाच. भवानीचा पोतही तेलात भिजवलेल्या कापडाचा. म्हणजे आपल्या पूर्वजांनी दिव्यांना नावं देताना उजेडापेक्षा पिळलेल्या कापडाकडे जास्त पाहिलेलं दिसतं. हाताला जे करावं लागायचं त्याचं नाव दिव्याला. वात वळणं हे काम होतं, उजेड पडणं हे त्याचं फळ.

उजेडावरून पडलेली नावंही आहेत, ती बहुतेक दूरची. मशालीच्या अरबी धातूचा अर्थ पेटणे. हिलाल म्हणजे अरबीत पहिल्या तिथीची चंद्रकोर. जुन्या मराठीत तीच कोर मशाल होऊन पालखीपुढे चालली. ईदला ज्या हिलालाकडे डोळे लागतात आणि पालखीपुढे जो हिलाल पेटायचा, त्यांचं नाव एकच. देवापुढच्या समईत अरबी शमा, म्हणजे मेणबत्ती, आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं. देवघरातली सगळ्यात शांत वस्तू, आणि तिचं नाव कुठून कुठे चालत आलेलं! रोषणाई फारसी. उर्दूत रोशनाई म्हणजे लिहायची शाई, आपल्याकडे ती झाली लग्नघरची दिव्यांची आरास. उलट आपली शाई आली सियाहीवरून, म्हणजे काळेपणावरून. एकाच वस्तूला उर्दूनं उजेडाचं नाव दिलं आणि आपण अंधाराचं. निरांजन मात्र अस्सल संस्कृत, पण तेही मूळ रूपात राहिलेलं नाही. शब्द नीराजन. राजाचे घोडे, हत्ती, शस्त्रं यांना ओवाळण्याचा हा विधी, त्यावर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत एक अख्खा अध्याय आहे. आपण मध्ये एक अनुस्वार घातला आणि घोड्यांना ओवाळणारा तो दिवा निरंजन देवाच्या जवळ नेऊन ठेवला.

कंदिलाचा प्रवास सगळ्यात लांबचा. लॅटिन कॅन्देला, तिथून ग्रीक, तिथून अरबी किंदील आणि मग आपला कंदील. आज एलईडी दिव्यासोबत येणाऱ्या माहितीच्या कागदावर झोताची तीव्रता ज्या एककात छापलेली असते त्याचं नाव कॅन्डेला. म्हणजे गोठ्यातला कंदील आणि शिडीवरच्या पोराच्या हातातला कागद हे एकाच आजीचे नातू.

तो पोरगा आता म्हणत होता, "फोकस कीर्तनाच्या बुवांच्या गादीवर मार." फोकस हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ चूल. केप्लरनं 1604 साली प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात तो परवलयासारख्या वक्ररेषांच्या आतल्या खास बिंदूसाठी वापरला. भिंगातून ऊन जिथे एकवटतं तिथे कागद पेटतो, म्हणून चूल, असं मानतात. चुलीपुढे जन्म गेलेल्या बायांना हा अर्थ सांगितला तर त्या लगेच समजून घेतील.

इतकी नावं आली आणि गेली, पण क्रियापदं हलली नाहीत. मला या सगळ्यात हेच मोलाचं वाटतं. आपण दिवा लावतो. विस्तव वातीला लावायचा म्हणून लावणे. आता बटण दाबतो, तरी लाईट लावतो. चोपन्न ठिपक्यांचा पारसुद्धा 'लावतात'च. आणि दिवा विझवला असं घरात कुणी म्हणत नाही. तो शांत होतो, त्याला निरोप देतात, किंवा मालवतात. मालवणे या शब्दात हळूहळू कमी होत जाणं आहे. जुना हॅलोजन डिमरवर खाली घेतला की आतली तार पांढऱ्याची पिवळी, पिवळ्याची तांबूस होत जायची. तिथे मालवणे शोभायचं. एलईडीचा रंग तसा बदलत नाही. बहुतेक स्टेजच्या दिव्यांत त्याला मंद करायचं म्हणजे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा लावून बंद करायचं. डोळ्याला तो मंद दिसतो, मोबाईलच्या कॅमेऱ्यात कधीकधी पट्टे उमटतात ते त्यामुळेच. या दिव्याला मालवणं ठाऊक नाही, फक्त लावणं ठाऊक आहे. तरीही मी तिथे मालवणेच म्हणेन, कारण तो शब्द बघणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे.

एलईडीला मराठी नाव हवं का, असं मला विचारतात. कागदावर पारिभाषिक शब्द असू द्यावा, तो लागतो. पण मांडवात पार, फोकस, झोत आणि 'वॉर्म मार' हेच मराठी आहे. नाटकवाल्यांनी नेपथ्यासारखा शब्द असाच वळवून घेतला. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाचा वेष आणि पडद्यामागची रंगण्याची जागा, आज तो स्टेजवरचा सगळा देखावा झाला आहे. माझी काळजी वेगळी आहे. वात सारणे, काजळी झाडणे, वात वळणे हे बोलणं घरातून जाईल, कारण ते करणारा हातच राहणार नाही. चोपन्न-तीनला काजळी धरत नाही.

संध्याकाळी बुवा गादीवर आले. विणेकऱ्यानं वीणा घेतली. गादीपुढे पाच वातींची समई होती, तिला कुणीतरी तेल घातलं. मागे टेबलाशी बसलेल्या पोरानं एक खुंटी हळूहळू वर सरकवली आणि वडाच्या पारंब्यांवर, मग बुवांच्या फेट्यावर पिवळा उजेड चढत आला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी पदर सावरून त्या पारांकडे बघत हात जोडले. पोरानं ते पाहिलं, खुंटीवरचा हात काढला आणि त्यानंही कपाळाला लावला.