युलिनास्टॅटिन

युलिनास्टॅटिन हे मानवी शरीरात तयार होणारे, प्रथिनांचे विघटन करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) आवर घालणारे प्रथिन होय. ते मानवी मूत्रातून वेगळे करून शुद्ध केले जाते, म्हणून त्यास ‘मूत्रातील ट्रिप्सिन निरोधक’ असेही म्हणतात. जीवरसायनशास्त्रात ते बिक्युनिन या नावाने ओळखले जाते. जपान, चीन व भारत या देशांत ते औषध म्हणून वापरले जाते. जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेले त्याचे पुनर्संयोजित रूप मात्र मुख्यतः प्रयोगशाळांतील संशोधनासाठी असते. दोन्ही रूपांत ॲमिनो आम्लांची साखळी एकच असली, तरी दोन्ही रेणू सर्वार्थाने सारखे नसतात.

== नाव ==
या प्रथिनाच्या रेणूत ‘कुनिट्झ क्षेत्र’ नावाचे दोन घटक असतात. ‘बि’ म्हणजे दोन, यावरून ‘बिक्युनिन’ हे नाव आले. रशियात जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास सोयाबीनमधील ट्रिप्सिन निरोधक स्फटिकरूपात मिळवला. अशा निरोधकांच्या एका मोठ्या कुळाला त्यांचे नाव मिळाले आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये हा निरोधक बराच असल्याने प्रथिनांच्या पचनात अडथळा येतो. उष्णतेने तो बहुतांशी निष्क्रिय होतो. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पिकणारे हे धान्य कच्चे न खाता उकडून किंवा भाजून खावे, असे सांगितले जाते, त्यामागील एक कारण हेच आहे.

== रचना ==
मानवात बिक्युनिन ९ व्या गुणसूत्रावरील एका जनुकानुसार यकृतात तयार होते. हे जनुक प्रथम एक लांब प्रथिन घडवते. त्याचे पुढे विभाजन होऊन बिक्युनिन आणि अल्फा-१-मायक्रोग्लोब्युलिन अशी दोन स्वतंत्र प्रथिने मिळतात. बिक्युनिनच्या साखळीत १४७ ॲमिनो आम्ले असून सहा डायसल्फाइड बंध तिची घडी पक्की ठेवतात. दहाव्या स्थानावरील सेरीन या ॲमिनो आम्लास काँड्रॉइटिन सल्फेट या शर्करेची लांब साखळी जोडलेली असते. रक्तात बिक्युनिन सहसा एकटे आढळत नाही. याच शर्करासाखळीच्या द्वारे ते इतर मोठ्या प्रथिनांशी बांधलेले असते. दाह किंवा जंतुसंसर्ग झाल्यास ते सुटे होते आणि मूत्रातील त्याचे प्रमाण वाढते.

== कार्य ==
स्वादुपिंड ट्रिप्सिन हे विकर ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवते. लहान आतड्यात पोहोचल्यावरच ते सक्रिय होते. ही सक्रियता स्वादुपिंडातच घडून आल्यास विकरे त्या अवयवाच्याच पेशी पचवू लागतात. तीव्र स्वादुपिंडदाहात हेच घडते. गंभीर जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशी इलॅस्टेज हे विकर सोडतात. ते जंतूंबरोबर शरीराच्या ऊतींचीही हानी करते.

युलिनास्टॅटिन ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, प्लाझ्मिन व इलॅस्टेज या विकरांना रोखते. चुकीची किल्ली कुलपात अडकून बसावी आणि खरी किल्ली आत जाऊ नये, त्याप्रमाणे निरोधकाचा एक भाग विकराच्या क्रियाशील स्थानी घट्ट बसतो व विकराचे काम थांबते.

== इतिहास ==
मूत्रामध्ये ट्रिप्सिनला रोखणारा पदार्थ असल्याची नोंद १९०९ मध्ये झाली. जपानमधील मोचिदा या औषधकंपनीचे ‘मिराक्लिड’ हे युलिनास्टॅटिन १९८५ मध्ये उपलब्ध झाले. तीव्र स्वादुपिंडदाह आणि रक्ताभिसरण कोलमडणे (शॉक) यांवर ते तेथे वापरले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने युलिनास्टॅटिनला मान्यता दिलेली नाही.

== पुनर्संयोजित रूप ==
बिक्युनिनचे जनुक प्लाझमिडद्वारे एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूत घातले, की जिवाणू ती साखळी तयार करतो. मात्र दोन अडचणी येतात. सहा डायसल्फाइड बंध योग्य जोड्यांत जुळावे लागतात. जिवाणूच्या पेशीत अशी प्रथिने पुष्कळदा चुकीच्या घड्यांच्या गोळ्यांत साठतात आणि ती उलगडून पुन्हा नीट घडवावी लागतात. दुसरे असे, की हा जिवाणू काँड्रॉइटिन सल्फेटची साखळी जोडू शकत नाही.

येथे इन्सुलिनची तुलना उद्‌बोधक ठरते. मानवी इन्सुलिनला शर्करासाखळी नसते, म्हणून जिवाणूंकडून बनवलेले इन्सुलिन १९८२ मध्येच औषध म्हणून मान्य झाले. शर्करासाखळीविना बिक्युनिन ट्रिप्सिनला रोखू शकते. पण रक्तातील इतर प्रथिनांशी त्याचे नैसर्गिक बंधन घडू शकत नाही. म्हणून प्रयोगशाळेत विकरांच्या क्रियेचे मापन, प्रतिपिंडांची निर्मिती आणि तपासण्यांचे प्रमाणीकरण यांसाठी हे रूप उपयुक्त असले, तरी ते रुग्णास देण्याजोगे ठरत नाही. अशा कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी’ अशी सूचना असते.

कुनिट्झ कुळातील पुनर्संयोजित निरोधक औषध होऊच शकत नाही, असे मात्र नाही. मानवी कुनिट्झ क्षेत्रावर बेतलेले आणि यीस्टमध्ये तयार केलेले एकॅलँटाइड हे ६० ॲमिनो आम्लांचे प्रथिन २००९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आनुवंशिक अँजिओएडिमा या, अंगावर अकस्मात सूज आणणाऱ्या विकारावर ते दिले जाते.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
भारतात ‘यू-ट्रिप’ या नावाने हे औषध भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीने आणले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या मुंबईच्या कंपनीचा कारखाना ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे आहे. २०२४ मध्ये ती मॅनकाइंड फार्माने विकत घेतली.

भारतातील सात रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष डॉ. दिलीप कर्नाड व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. तीव्र सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होण्याच्या अवस्थेतील) १२२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, पाच दिवस दर बारा तासांनी २ लाख एकके युलिनास्टॅटिन किंवा औषधविरहित द्रव देण्यात आला. किमान सहा मात्रा मिळालेल्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषधाच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात २०.३ टक्के होते. चाचणीत दाखल झालेले सर्व रुग्ण जमेस धरले असता हे आकडे अनुक्रमे १०.२ व २०.६ टक्के झाले आणि हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

== मर्यादा ==
सहा मात्रांपूर्वीच दगावलेले रुग्ण पहिल्या हिशेबातून वगळले जातात, त्यामुळे औषध प्रत्यक्षाहून अधिक गुणकारी दिसण्याचा संभव असतो. संपूर्ण गटाचा हिशेब म्हणूनच अधिक विश्वसनीय मानला जातो. १२२ ही रुग्णसंख्याही मृत्यूसारख्या बाबीवर ठाम निष्कर्ष काढण्यास अपुरी आहे. चाचणीने आशा दाखवली, पण औषधाने प्राण वाचतात हे सिद्ध केले नाही. सेप्सिसमध्ये योग्य प्रतिजैविके वेळेवर देणे, शिरेतून द्रव देणे आणि निकामी होत असलेल्या अवयवांना आधार देणे हाच उपचाराचा पाया आहे. युलिनास्टॅटिन त्याची जागा घेऊ शकत नाही. मानवी मूत्र हा कच्चा माल असल्याने विषाणू निष्क्रिय करण्याचे टप्पे उत्पादनात आवश्यक ठरतात.

== हे सुद्धा पहा ==
* ट्रिप्सिन
* स्वादुपिंड
* सेप्सिस
* इन्सुलिन