बारवेच्या पायऱ्या

खेडे म्हटले की आम्हां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे ठराविक चित्र उभे राहते : मोकळी हवा, चुलीवरची भाकरी आणि विहिरीचे अमृतासारखे पाणी. म्हणूनच बऱ्याच वर्षांपूर्वी गावी गेलो असता, आमच्या बारवेच्या पायऱ्या दगडमातीने बुजवून वर रहाट बसवलेला पाहिला, तेव्हा मी काकांवर चिडलो. "काका, एवढी देखणी बारव, आणि तुम्ही गप्प बसलात?" काकांनी काही न बोलता धोतर वर सारून नडगीवरचा जुना व्रण दाखवला. "नारू," एवढेच म्हणाले.

त्या एका शब्दाचा अर्थ मला पुढे वाचनातून कळला. नारूचा फोड आला की पायाची आग आग होते आणि माणूस बारवेच्या गार पाण्यात पाय बुडवतो. तेथेच घात होतो. आतली मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव त्या गिळतात. ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने दोन हात लांबीचा नारू बाहेर पडू लागतो. तो ओढायची सोय नाही. तुटला तर पाय सुजून पिकतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर हा पाहुणा आला म्हणजे शेत पडीकच!

सायक्लॉप्सचे गुपित फेडचेंको या रशियन संशोधकाने १८७० च्या सुमारास मध्य आशियात उघड केले. पण नारूवर ना औषध होते, ना लस. भारतात १९८३-८४ साली निर्मूलनाची मोहीम निघाली, ती फडक्याने पाणी गाळा, हातपंप बसवा, पायऱ्या बंद करा, असे सांगत. १९८४ साली महाराष्ट्र धरून सात राज्यांत सुमारे ४० हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.

आमची आजी घागरीच्या तोंडाला फडके बांधूनच पाणी भरी. का, तर सोवळ्यासाठी! काका मात्र लहानपणी बारवेतच ओंजळीने पाणी पीत. गावचे पाणी गावच्या माणसाला बाधत नाही, अशी तेव्हा समजूत होती.

आता ठिकठिकाणी बारवांचा गाळ उपसून पायऱ्यांवर दिवे लावतात. मलाही ते फार आवडते. यंदा काकांना दाखवायला न्यावे म्हणतो. पण ते पायऱ्या उतरतील, असे वाटत नाही.