मनोविकारतज्ज्ञ की चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ? एका निवडीचा इतिहास (थ्रेड)

१/ पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावातला बारावीचा विद्यार्थी ‘मला माणसाच्या मनावर काम करायचे आहे’ असे म्हणाला, की घरातून पहिला प्रश्न येतो : नीट देणार ना? नीटमध्ये यश आले तर मनोविकारतज्ज्ञ, न आले तर मानसशास्त्र, अशी एक उतरंड आपण गृहीत धरतो. ही उतरंड आली कोठून?

२/ मित्रहो, या दोन विद्यांची जन्मस्थळेच निराळी आहेत. ‘सायकिएट्री’ हा शब्द योहान क्रिस्टियान राइल या जर्मन वैद्याने १८०८ मध्ये घडवला. ही वैद्यकाची शाखा. चिकित्सालयीन मानसशास्त्र मात्र विद्यापीठातून आले. लाइटनर विटमरने १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. त्याच्या आरंभीच्या रुग्णांत शब्दांची अक्षरे नीट लिहिता न येणारा एक मुलगा होता.

३/ आपल्याकडे पहिली विद्या कायद्याचे बोट धरून आली. मनोरुग्णालयांविषयीचा कायदा १८५८ चा, नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. १९१२ च्या कायद्याने रुग्णाला दाखल करण्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश व वैद्यकीय दाखला यांची चौकट पक्की केली. डॉक्टरच्या सहीवर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहू लागले. या पेशाच्या अधिकाराचे एक मूळ येथे आहे.

४/ दुसरी विद्या शाळा-महाविद्यालयांतून वाढली. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९३४ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्रज्ञांच्या टेबलावर आजही आढळते.

५/ मग दोन्ही वाटा एकत्र आल्या. भोर समितीच्या अहवालाने (१९४६) प्रशिक्षित मनुष्यबळाचा तुटवडा मांडला. १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘निम्हान्स’ झाली. तेथे १९५५ मध्ये दोन पदविका सुरू झाल्या : एक डॉक्टरांसाठी, दुसरी मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी. म्हणजे प्रशिक्षणाच्या आरंभीच दोघांची कल्पना एका चमूतील सहकारी म्हणून केली गेली होती.

६/ त्याच सुमारास औषधांनी चित्र पालटले. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला आणि तीव्र मनोविकारांवर गोळीचा उपाय सापडला. गोळी लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरकडे असल्याने पारडे पुन्हा त्याच्या बाजूला झुकले.

७/ मानसशास्त्रज्ञाला कायद्याची ओळख उशिरा मिळाली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दोघांचीही व्याख्या दिली आणि दोघांनाही ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ मानले.

८/ दोन्ही वाटा लांबच आहेत. एकीकडे एमबीबीएस व त्यानंतर तीन वर्षांचे एमडी. दुसरीकडे मानसशास्त्रात पदवी, पदव्युत्तर पदवी आणि परिषदेने मान्य केलेले प्रत्यक्ष चिकित्सालयातील प्रशिक्षण. केवळ एमए करून ‘चिकित्सालयीन’ ही पाटी लावता येत नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच जाणून घ्यावे.

९/ उतरंडीला छेद देणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ठाण्याच्या ‘आयपीएच’ या संस्थेचे संस्थापक, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे धडे घेतले ते मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्याकडून. येथे डॉक्टर शिष्य होता.

१०/ म्हणून निवड करताना प्रतिष्ठेपेक्षा कामाचा विचार करावा. शरीर, मेंदू, औषध आणि तातडीच्या प्रसंगांतील निर्णय यांची ओढ असेल, तर वैद्यकाकडे वळावे. चाचण्या, संवाद आणि महिनोन्‌महिने चालणारी उपचारसत्रे यांची ओढ असेल, तर मानसशास्त्राकडे. गोळी कोणत्याही प्रांतात सारखीच असते; पण झाडीबोलीत आपले दुःख सांगणाऱ्या आजीची चाचणी आणि तिच्याशी बोलणे तिच्याच भाषेत व्हावे लागते. त्या कामाला अड्याळचा विद्यार्थी इतर कोणाहूनही अधिक तयारीने येतो, मग त्याने नीट दिलेली असो वा नसो.

(थ्रेड समाप्त)