'सेटलमेंट' : एका इंग्रजी शब्दाचे तंजावरी चरित्र

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा गेल्या दोन-अडीच शतकांचा इतिहास मराठीत लिहू पाहणाऱ्याची लेखणी ज्या शब्दापाशी वारंवार अडते, तो कोणी दुर्बोध पारिभाषिक शब्द नव्हे. 'सेटलमेंट' हा इंग्रजीतील अगदी नित्याचा शब्द होय. समुद्रकाठी तरंगंबाडीला डेन लोकांनी ठाणे घातले, ती सेटलमेंट. धान्याच्या राशीवर सरकारचा हक्क ठरला, ती सेटलमेंट. कल्लणैचे दगड वाळूत खाली उतरले, तीही सेटलमेंट. आणि आजही या भागातील नोंदणी-कचेऱ्यांत बाप मुलीच्या नावे शेत करून देतो, त्या दस्ताला तमिळ शेतकरी 'दान-सेटलमेंट' म्हणतो. आपण ज्याला बक्षीसपत्र म्हणतो, तोच हा दस्त.

या शब्दाच्या मुळाशी प्राचीन इंग्रजीतील 'सेट्ल' म्हणजे आसन हा शब्द आहे. पण समेट करणे या अर्थाचा उच्चाराने जवळचा असा दुसराही एक जुना शब्द होता आणि तो पहिल्यात मिसळून गेला असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे एका शब्दाच्या पोटात बसणे आणि मिटणे असे दोन अर्थ नांदू लागले. मराठीने ही गल्लत केलेली नाही. 'बसणे' आणि 'बसवणे' या जोडीने आपण गाव बसवतो, कर बसवतो, घडी बसवतो. गाळ तळाशी बसतो, भिंत बसते, घसाही बसतो. इंग्रजी शब्दाचा निम्मा संसार आपला एक धातू सहज चालवतो. परंतु भांडण मात्र मराठीत बसत नाही. ते मिटते, तुटते, त्याचा निवाडा होतो, फडशा पडतो, किंवा तह होतो. तंजावरच्या कागदांत 'सेटलमेंट' वाचताना बसवले कोणी आणि मिटवले कोणी, हे दोन प्रश्न म्हणूनच वेगवेगळे विचारावे लागतात.

आरंभीची प्रकरणे सोपी आहेत. डेनांनी 1620 मध्ये रघुनाथ नायकाशी करार करून तरंगंबाडीला किल्ला बांधला. ती वसाहत राजाच्या अनुज्ञेने बसली. 1845 मध्ये त्यांनी ती इंग्रजांना विकून टाकली. भोसले कुळातील शहाजीराजांनी 1693 मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना देऊन त्याचे शहाजीराजपुरम् केले. इंग्रज इतिहासकार यालाही सेटलमेंट म्हणेल आणि ते चुकीचे ठरणार नाही. येथे बसवणारा राजा आहे, बसणारे पंडित आहेत, आणि मिटवण्याजोगे भांडण मुळात नाही.

गुंता 1799 पासून सुरू होतो. आदल्या वर्षी कंपनीनेच गादीवर बसवलेल्या सरफोजीराजांनी 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने सारा मुलूख कंपनीच्या स्वाधीन केला. राजाकडे तंजावरचा किल्ला राहिला. त्याला दरसाल एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. इंग्रजी लेखक या व्यवहाराला सेटलमेंट म्हणतात तेव्हा वाचकाच्या मनावर दोन्ही अर्थांचा संस्कार एकदम होतो : राज्याची घडी बसली आणि उभयपक्षी प्रश्न मिटला. वास्तविक ज्याने राजाला बसवले त्यानेच त्याच्याकडून लिहून घेतले होते. पुढे 1855 मध्ये शिवाजीराजे औरस पुत्रावाचून निवर्तले, तेव्हा कंपनीने खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, हे राज्यसत्तेचे कृत्य असल्यामुळे न्यायालयास त्यात हात घालता येत नाही. खाजगी मालमत्ता राण्यांना परत मिळाली ती 1862 मध्ये, आणि तीही कृपा म्हणून. या क्रमाला मराठीत जप्ती आणि देणगी असे दोन शब्द लागतात, आणि ते लागावेत हेच योग्य.

महसुलाच्या क्षेत्रात हा शब्द आणखी दोन रूपे घेतो. दरसाल तालुक्याच्या कचेरीत गावचे हिशेब तपासून पक्के करणे ही एक सेटलमेंट. तिला मद्रास इलाख्यात आपल्यासारखेच 'जमाबंदी' म्हणत, आणि तमिळनाडूत ती आजही त्याच नावाने भरते. दुसरी म्हणजे जमिनीची पाहणी करून साऱ्याचा दर पुष्कळ वर्षांसाठी, बहुधा तीस वर्षांसाठी, ठरवणे. तंजावरात हा दर सुखासुखी ठरला नाही. आधी पीक प्रत्यक्ष वाटून घेण्याची अमानी होती. 1822 च्या सुमारास भाताच्या बाजारभावाप्रमाणे सारा कमीजास्त करणारी 'ओळुंगु' पद्धत आली. ओळुंगु म्हणजे नीटपणा, शिस्त. त्या दशकाच्या अखेरीस 'मोट्टम फैसल' आले. 'मोट्टम' तमिळ, एकूण या अर्थाचे. 'फैसल' मात्र आपल्या फैसल्याचेच भावंड. लोकांनी एका इंग्रजी शब्दाला दोन वेगळी नावे दिली, आणि दुसऱ्या नावात समेटाचा सूर नाही, वरून दिलेल्या निकालाचा आहे. त्या काळच्या शेतकऱ्याचे भाषिक भान मला अधिकाऱ्यांच्या भानाहून अधिक नेमके वाटते. रयतवारी पाहणी-आकारणी येथे लागू होण्यास 1890 नंतरचे दशक उजाडावे लागले.

कल्लणैविषयी थोडक्यात. नदीच्या तळाच्या वाळूत जड दगड टाकावे, ते आपल्या भाराने उतरत उतरत स्थिर व्हावे, मग त्यांवर बांधावे, ही प्राचीन युक्ती आर्थर कॉटनने येथेच अभ्यासली. कोळ्ळिडमवरचा वरचा बंधारा त्याने 1836 च्या सुमारास पुरा केला. स्थापत्यशास्त्रात या उतरण्याला सेटलमेंट म्हणतात. आपण त्याला खचणे म्हणतो. मनाच्या बाबतीत तर दोन्ही भाषांनी एकमेकींकडे पाठच फिरवली आहे : इंग्रजाचे मन 'सेटल' झाले की शांत होते, आपले खचले की संपलेच.

या सर्व सेटलमेंटांतून एक माणूस बाहेर राहिला. महसुलाचा करार झाला तो मिरासदाराशी. मिरासदार म्हणताच मराठी वाचकापुढे स्वतः नांगर धरणारा कुणबी येतो. तंजावरचा मिरासदार बहुधा नांगराला हात न लावणारा होता. राजाचा वाटा तो मेलवारम्, कसणाऱ्याचा तो कुडिवारम्, असे हिस्से पाडले जात. परंतु प्रत्यक्ष चिखलात उतरणारा पण्णैयाळ त्या कोणत्याच हिश्शाचा धनी नव्हता. त्याची झोपडीसुद्धा मालकाच्या जमिनीवर उभी असे. 1952 मध्ये तंजावर जिल्ह्यापुरता पण्णैयाळ संरक्षण कायदा झाला. तरीही मजुरीचा तंटा पेटत राहिला आणि 25 डिसेंबर 1968 च्या रात्री कीळवेण्मणीत दलित मजुरांच्या कुटुंबांतील चव्वेचाळीस जणांना एका झोपडीत जाळण्यात आले. दुसऱ्याच वर्षी शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा कायदा आला, आणि 1971 मध्ये 'कुडियिरुप्पु' कायदा.

कुडि म्हणजे कुटुंब, रयत, रहिवासी. 'कुडिवारम्' मधला कुडि तोच. 'इरुप्पु' ज्या तमिळ धातूपासून झाले त्याचे अर्थ असणे, राहणे आणि बसणे असे आहेत. या कायद्याने झोपडीखालची जागा तीत राहणाऱ्याच्या मालकीची झाली. मिरासदाराच्या जमिनीची पाहणी-आकारणी होऊन तेव्हा पाऊणशे वर्षे उलटली होती.