मोठा माणूस आणि माणूस मोठा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी फ्रेंच शिकायला लागलो, तेव्हाची गोष्ट. पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात बाईंनी आवडत्या व्यक्तीवर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. मी लोकमान्य टिळकांवर लिहिलं. 'ग्रां' म्हणजे मोठा आणि 'ऑम' म्हणजे माणूस, एवढं ठाऊक होतं. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामानंतर येतं, हा नियमही नुकताच पाठ केला होता. मग काय, 'ऑम ग्रां' असं लिहून मोकळा झालो. बाईंनी वही वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "टिळकांची उंची किती होती हो?"

सगळा वर्ग हसला. फ्रेंचमध्ये 'ऑम ग्रां' म्हणजे उंच माणूस. थोर माणूस म्हणायचं तर 'ग्रां' आधी हवं, 'ग्रां ऑम'. नेपोलियन साडेपाच फुटांचा, म्हणजे तो 'ग्रां ऑम' झाला, पण 'ऑम ग्रां' नव्हे. जनरल द गॉल सहा फूट पाच इंच, त्यांना दोन्ही लागू! 'पोव्र' या विशेषणाचंही तसंच. नामानंतर आलं तर माणूस पैशाने गरीब, आधी आलं तर तो बिचारा, दया करण्याजोगा.

असं का व्हावं? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. फ्रेंचची आई लॅटिन. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या आधी किंवा नंतर, कुठेही चाले. जुन्या फ्रेंचमध्ये विशेषणं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आधी येत, अगदी रंगांचीसुद्धा. त्या काळाच्या खुणा अजून शिल्लक आहेत. लाल गळ्याच्या एका चिमुकल्या पक्ष्याला फ्रेंच लोक आजही 'रूझ-गॉर्ज', म्हणजे 'लाल-गळा' म्हणतात. एरवी तिथे 'गळा लाल' असंच म्हणावं लागेल. गावांची नावं पाहा. उत्तरेकडे 'नफशातो', म्हणजे नवा किल्ला, तर दक्षिणेकडे 'शातोनफ', म्हणजे किल्ला नवा. पाचव्या शतकात उत्तरेत फ्रँक टोळ्यांनी बस्तान बसवलं. त्यांच्या जर्मन वळणाच्या बोलीत विशेषण आधी येई, तिचा हा परिणाम असावा, असं अनेक भाषापंडित मानतात. पुढे हळूहळू बहुतेक विशेषणं नामाच्या मागे सरकली. रोजच्या वापरातली 'मोठा', 'लहान', 'चांगला', 'म्हातारा' यांसारखी मोजकी तेवढी पुढे राहिली.

त्यातल्या 'ग्रां'ची कथा तर फारच मजेशीर आहे. आपल्या मराठीत 'मोठा, मोठी, मोठं' असं रूप बदलतं, पण 'लाल' बदलत नाही. लाल फेटा, लाल साडी. लॅटिनमधलं 'ग्रांदिस' हे पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हीकडे सारखंच असे, आपल्या 'लाल'सारखं. जुन्या फ्रेंचमध्येही तेच चाललं. पुढे इतर विशेषणांचं पाहून लोक स्त्रीलिंगी 'ग्रांद' म्हणू लागले. पण आजीला मात्र 'ग्रां-मेर'च म्हणत राहिले, 'ग्रांद-मेर' कोणी केलं नाही. घरातले शब्द असे सहजासहजी बदलत नाहीत.

मधल्या काळातल्या व्याकरणकारांना वाटलं, इथलं स्त्रीलिंगाचं अक्षर गळून पडलंय. म्हणून त्यांनी 'ग्रां'पुढे लोपाचं चिन्ह घातलं. मुळात जे अक्षर नव्हतंच, त्याच्या गळण्याची ही खूण! फ्रेंच अकादमी १६३५ साली स्थापन झाली, पण ही चूक तिने सुधारली ती १९३२ ते १९३५ या काळात निघालेल्या आपल्या कोशाच्या आठव्या आवृत्तीत. लोपचिन्ह गेलं आणि साधी जोडरेघ आली.

हे झालं व्याकरण. पण पॅरिसमधल्या पॅन्थिऑनची गोष्ट आठवते, तेव्हा हा विषय व्याकरणापुरता राहत नाही. ही इमारत चर्च म्हणून बांधली गेली. राज्यक्रांतीनंतर १७९१ साली राष्ट्रीय सभेने ठरवलं, की इथे देशातल्या 'ग्रां ऑम'ना चिरविश्रांती द्यायची. कृतज्ञ मायभूमीकडून थोर पुरुषांना, अशा अर्थाची अक्षरं आज तिच्या दर्शनी भागावर आहेत. व्होल्तेर तिथे आहे, रूसो आहे, ह्यूगो आहे. स्त्रिया? १९०७ साली एक बाई तिथे गेल्या, पण त्या रसायनशास्त्रज्ञ बर्तलो यांच्या पत्नी म्हणून. स्वतःच्या कर्तृत्वावर पहिली स्त्री तिथे पोहोचली ती १९९५ साली. ती मारी क्युरी. दोन नोबेल पारितोषिकं मिळवूनही, मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी! पुढे २०१८ साली सिमोन व्हेल आणि २०२१ साली जोसेफिन बेकर यांनाही तो मान मिळाला.

आता या बाईंना म्हणायचं काय? 'ग्रां ऑम'च्या धर्तीवर 'ग्रांद फाम' म्हटलं, तर विशेषण बरोबर जागेवर असूनही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी उंच बाई उभी राहते. थोर बाई म्हणायला बहुधा 'ग्रांद दाम' हा शब्द घेतात, पण 'दाम'ला घरंदाजपणाचा वास आहे. व्याकरणाने स्त्रीला 'ग्रांद' हे रूप देऊन शतकं उलटली होती. पण 'ऑम'पुढे बसून या शब्दाला जो थोरपणाचा अर्थ आला, तो 'फाम'पुढे बसून आला नाही, कारण थोर म्हणून ज्यांचं नाव घ्यायचं ते सगळे पुरुषच होते. अर्थ शब्दाच्या जागेने ठरतो हे खरं, पण ती जागा वापरून वापरून तयार होते.

फ्रेंचांना हसण्याआधी मी मराठीकडे वळून पाहिलं. 'मोठा माणूस' म्हटलं की आपण उंची विचारत नाही. 'मोठी बाई' म्हटलं की मात्र वय किंवा अंगकाठीच मनात येते. अपवाद एकच आठवला. आमच्या शाळेत मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या चांगल्याच बुटक्या होत्या, पण व्हरांड्यातून त्यांची चाहूल लागली की वर्ग चिडीचूप होई.