कागदावरचे वादळ आणि चिखलातला इतिहास

६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ कोसळून लाखभर माणसे प्राणास मुकली, असे जगातील मोठ्या आपत्तींच्या कित्येक याद्यांत छापलेले आढळते. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. आठांत एक माणूस मेला असता, तर त्याचा आक्रोश वर्तमानपत्रांत आणि सरकारी दप्तरांत उमटल्यावाचून राहता ना. तसा तो उमटलेला नाही. हे वादळ झालेच नव्हते, असा निर्वाळा अभ्यासकांनी आता दिला आहे.

जे घडले नाही ते असे अमर झाले. मग जे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले, त्याची नोंद कोणी ठेवली?

मी पनवेलचा. आमच्या खाडीकाठची, तशीच उरण-पेणकडची भातशेती ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. मातीचे बांध घालायचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढ्यावर तिचा जीव. वारा आणि उधाण एकाच वेळी आले की बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होते. खांड लहान आहे तोवरच ती बुजवावी लागते. त्यामुळे बोलावणे येण्याची वाट कोणी पाहत नसे. ज्याचे शेत बुडाले तोही आणि ज्याचे वाचले तोही घमेले घेऊन चिखलात उतरे. आज तुझे शेत, उद्या माझे, हा त्यातला साधा हिशेब होता. त्याला परोपकाराचे नाव देण्याचे कारण नाही.

देशावर ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतात, त्याच जातीचे हे काम. फिलिपिनो लोकांत त्याला ‘बायानिहान’ म्हणतात. शेजाऱ्याचे बांबूचे घर सारा गाव बांबूंवर उचलून दुसरीकडे नेतो, हे त्याचे प्रसिद्ध चित्र. ८ नोव्हेंबर २०१३ च्या ‘हैयान’ वादळात त्या देशात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. असल्या देशाला शेजारी ही चैन नसते, गरज असते.

१९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईला मोठ्या वादळाने झोडपले. बांधांच्या निगराणीत सरकार आले ते आवश्यकच होते. पण सरकारी बांध झाला की तो ‘आपला’ राहत नाही, हेही हळूहळू घडत गेले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. पनवेलीत आम्ही दारे लावून बसलो होतो. आमच्याच जिल्ह्यात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस, वीज गेलेली, रस्त्यांवर झाडे पडलेली. गावकऱ्यांनीच कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाटा मोकळ्या केल्या. सरकारी मदत हेक्टरांत मोजण्याची रीत. पण येथे वाड्या गुंठ्यांच्या. पुढे ती झाडागणिक ठरली : नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. ज्या म्हाताऱ्यांनी त्या पावसाळ्यात नवी रोपे लावली, त्यांनी ती कोणासाठी लावली, हे पन्नास रुपयांच्या हिशेबात बसत नाही.

आज पनवेलच्या खाजणांवर भराव पडले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळही याच भूमीवर उभा आहे. प्रगतीला माझा विरोध नाही. परंतु भरती कोठवर येते, खांड प्रथम कोठे पडते, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे थकत चालली आहेत, आणि त्यांचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. न झालेल्या वादळाला आपण यादीत जागा दिली. झालेल्या वादळांनंतर जे चिखलात उतरले, त्यांची जबानी तरी त्यांच्या हयातीत उतरवून घेऊ या. पुढच्या उधाणाला ती उपयोगी पडेल.